मोजल्याशिवाय पाना लावू नये

२०१८ च्या जुलैमध्ये वसईत पाणी भरलं, रेल्वेचे रूळ बुडाले, गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या संध्याकाळी मी वालीवच्या कारखान्यातून घरी निघालो होतो. रस्त्यावर पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. पुढच्या रिक्षा हळूहळू जात होत्या, म्हणून मीही गाडी घातली. मध्यावर आल्यावर पुढून एक जड, बसका ठोका ऐकू आला आणि इंजिन बंद पडलं. परत चावी फिरवली तर स्टार्टरने नुसतं ‘कट्’ केलं. टर्नर म्हणून लेथवर चोवीस वर्षं काढलेली होती. लोखंड वाकतं तेव्हा कसा आवाज येतो, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती होंडा सिटी, २००२ ची, दीड लिटर व्हीटेक. मी ती २०१० मध्ये जुनीच घेतली होती. आमचं घर भुईगावला, वाडीत. केळी, तगर, थोडा सोनचाफा. लहानपणी मी पाहिलेलं पहिलं उघडं इंजिन म्हणजे विहिरीवरचं पाण्याचं डिझेल इंजिन. ते बिघडलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, पडवीत गोणपाट अंथरून त्याचा एकेक भाग ओळीने मांडत. कुठला भाग कुठल्या दिशेने बसला होता ते खडूने लिहून ठेवत. घरी इंजिन खोलायचं धाडस मला मिळालं ते त्या गोणपाटावरून.

ही गाडी अजून का जपावी, हे वाचकांना सांगायला हवं. जपानी दमदार गाडी म्हटलं की मुलांना व्हिडिओ गेममधल्या निसान स्कायलाइन किंवा टोयोटा सुप्रा आठवतात. आपल्या रस्त्यांवर त्या क्वचितच दिसल्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला परवडलेल्या जपानी दमदार गाड्या म्हणजे मारुतीची एस्टीम आणि बलेनो, मित्सुबिशी लान्सर आणि ही सिटी. होंडाने भारतात सिटी आणली १९९८ मध्ये. पुढे तिच्यात आलेलं व्हीटेक इंजिन १०६ हॉर्सपॉवरचं होतं. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ हॉर्सपॉवरची. तिने पेट्रोल वाचवलं, पण ज्यांना इंजिनाचा दम हवा होता ते जुन्या व्हीटेककडेच वळत राहिले. त्यातला मी एक.

व्हीटेक म्हणजे काय, ते वाड्याच्या दरवाजावरून सांगतो. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असते. रोजची ये-जा दिंडीतून होते. पालखी आली की पूर्ण दरवाजा उघडतात. इंजिनातही हवा आत येण्याचे दरवाजे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ते उघडतो कॅमशाफ्ट नावाचा फिरता दांडा, त्याच्यावरच्या उंचवट्यांनी. उंचवटा जितका मोठा तितका व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडतो. बाजारातून सावकाश जायला छोटा उंचवटा बरा. हायवेवर जोर हवा तेव्हा मोठा. साध्या इंजिनात दोन्हींच्या मधली तडजोड असते. होंडाचे इंजिनीयर इकुओ काजितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही उंचवटे एकाच दांड्यावर ठेवले. फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, शेजारशेजारचे रॉकर, म्हणजे उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या तरफा, एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या तालावर चालू लागतात. १९८९ मध्ये जपानमधल्या इंटेग्रा गाडीत हे पहिल्यांदा आलं. १.६ लिटरच्या त्या इंजिनाने १६० हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे शंभर, आणि तीही टर्बोशिवाय. माझ्या सिटीतलं त्याचं साधं, एका कॅमशाफ्टचं रूप. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास दिंडी सोडून पूर्ण दरवाजा उघडतो तेव्हा गाडीचा आवाज बदलतो. तो बदल ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही.

२०१० ते २०१८ मध्ये मी या गाडीला बरंच काही लावलं. मोकळ्या नळीचा सायलेन्सर. महागडे प्लग. आणि थंड हवा मिळावी म्हणून हवेचा पाइप इंजिनावरून खाली, बंपरच्या मागे नेला. कंपनीने तो पाइप वर, कोरड्या जागी ठेवला होता. का ठेवला होता, हे मी विचारलं नाही. वसईसारख्या, दर पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या गावात तो पाइप खाली नेणं ही माझी चूक होती आणि ती मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण आजही अनेक तरुण तेच करतात.

त्या संध्याकाळी काय झालं ते आकड्यांत पाहा. माझ्या इंजिनाच्या एका सिलिंडरची जागा ३७३ घनसेंटिमीटर. पिस्टन वर पोहोचतो तेव्हा तिथे उरते चाळीस-पंचेचाळीस, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाइतकी. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अर्ध्या कटिंगपेक्षा जास्त पाणी आत गेलं की वर येणारा पिस्टन मध्येच अडतो, पण बाकीचं इंजिन फिरतच असतं. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला तर नुकसान वाढतं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गाडी घरी ओढून आणली, पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. प्लग काढले, पाणी बाहेर काढलं, इंजिन पान्याने हाताने फिरवून पाहिलं. मग कारखान्यातल्या एका जुन्या फोरमनकाकांनी मला त्यांचा कॉम्प्रेशन गेज दिला. प्लगच्या भोकात हा गेज लावायचा, इंजिन स्टार्टरवर फिरवायचं, सिलिंडर हवा किती दाबतं ते काटा सांगतो. मी वहीत लिहिलं: पहिला सिलिंडर १७०, दुसरा १०५, तिसरा १६८, चौथा १३८ पीएसआय.

दुसऱ्याचं कारण उघड होतं. रॉड वाकून आखूड झाला, पिस्टन वरपर्यंत पोहोचत नव्हता. पण चौथा? काकांनी सांगितलं, चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाक आणि परत बघ. तेलाने दाब वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे, कारण तेल त्यांच्या फटी बुजवतं. वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून. काटा जागचा हलला नाही. हेड उतरवलं तेव्हा चौथ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवर जळका, फिकट पट्टा दिसला. तो एका दिवसात पडत नाही. त्याचा टॅपेट वर्षानुवर्षं घट्ट राहिला होता, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, आणि धगधगता वायू त्या फटीतून निसटत होता. या गाडीत टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली, फट इंजिन थंड असताना साधारण दोन-अडीच कागदांच्या जाडीइतकी लागते. फिलर गेज आणि दोन पाने घेऊन तासाभरात ती लावता आली असती.

आणखी एक गोष्ट सापडली. व्हीटेकच्या पिनकडे तेल सोडणाऱ्या झडपेच्या मागे एक बोटभर जाळी असते. ती काळ्या गाळाने अर्धी बुजली होती. म्हणजे मोठा दरवाजा उघडायला लागणारं तेलच धड पोहोचत नव्हतं. त्या रात्री वही मांडीवर घेऊन मी बराच वेळ शेडमध्ये बसलो होतो. आठ वर्षं मी बाजारातून ताकद विकत आणत होतो, आणि गाडीची स्वतःची ताकद एका पातळ फटीतून आणि एका बुजलेल्या जाळीतून वाहून जात होती. इंजिन सुधारणं म्हणजे आधी हरवलेलं परत मिळवणं, आणि काय हरवलंय ते मोजल्याशिवाय कळत नाही. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच.

इंजिनाची ताकद शेवटी हवेवर अवलंबून असते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं, हवा आत घेणं कठीण. माझं इंजिन १४९३ घनसेंटिमीटरचं. सहा हजार फेऱ्यांना ते सेकंदाला जवळजवळ ७५ लिटर हवा ओढू शकतं. दोनशे लिटरचं पिंप पावणेतीन सेकंदांत रिकामं. इतक्या वेगाने जाणाऱ्या हवेला वाटेत नखाएवढी कड आडवी आली तरी ती अडखळते. माझ्या हेडवर इनटेकचं गॅस्केट भोकाच्या आत दीड-दोन मिलिमीटर डोकावत होतं. ते मापात कापलं, हेडच्या तोंडाची ओतकामाची खरखरीत धार हाताने घासून सरळ केली. भोकं मोठी केली नाहीत. भोक मोठं केलं तर हवेचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते. सोळाही व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासले, जळका एक बदलला. मग हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी एकाही भोकात थेंब नव्हता.

त्यानंतर प्रश्न आला सिलिंडरचा. तीन-चार जणांनी सांगितलं, बोअर करून टाक, इंजिन मोठं होईल. मी हिशेब मांडला. मूळ बोअर ७५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८४.५. बोअर पाव मिलिमीटरने वाढवलं तर १४९३ चे १५०३ घनसेंटिमीटर होतात. दहा घनसेंटिमीटर, टक्काभरसुद्धा नाही. त्यासाठी सिलिंडरची भिंत कायमची पातळ करायची? कारखान्यातून परवानगीने बोअरगेज आणला. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा, असा सहा ठिकाणी मोजला. झीज मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आतच होती. नुसतं होनिंग करून नव्या रिंगा घातल्या.

काहींनी परदेशातून कापून आणलेल्या गाडीचं मोठं इंजिन घालायला सुचवलं. इथे कायदा माहीत हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद झाली. मला हा कायदा अडसर वाटला नाही. इंजिनाचा नंबर, क्षमता, इंधन, काहीही न बदलता त्याच्यात काय आणि किती सुधारता येतं, हीच तर कारागिराची परीक्षा. मोकळा सायलेन्सर काढून मूळ सायलेन्सर लावला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी ठेवला. २०२२ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासायला नेली तेव्हा ब्लॉकवरचा नंबर पुस्तकाशी जुळला आणि माझी मान ताठ होती.

वाकलेल्या रॉडच्या जागी दुसरा आणला तेव्हा तो बाकीच्या तिघांपेक्षा सहा ग्रॅम जड भरला. सहा ग्रॅम म्हणजे काय? सहा हजार फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन खाली येतो. वरच्या टोकाला त्याला क्षणात थांबून परत फिरावं लागतं. तिथे एक ग्रॅम जादा वजन दोन किलोहून जास्त जोराने ओढतं. म्हणून आमच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी दुकान बंद करताना आपला काटा वापरू दिला. चारही पिस्टन, पिना आणि रॉड वेगवेगळे तोलले, जिथे जास्त भरले तिथे ताण न पडणाऱ्या जागेवरून थोडं थोडं घासलं, परत तोललं. शेवटी चौघांतला फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत आला. या कामाला पैसे लागले नाहीत, तीन संध्याकाळी लागल्या. गाडीत बसलेल्याला आज सगळ्यात आधी जाणवतो तो याच तीन संध्याकाळींचा परिणाम.

मशीनवरची कामं २०१९ च्या दिवाळीपर्यंत झाली. बांधणी राहिली होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनने सगळं बंद झालं. त्या वर्षी माझी मुलगी दहावीला होती. भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि तिच्याकडे दिवसच दिवस उरले. ती शेडमध्ये येऊन बसली. ‘बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते,’ म्हणाली. त्या दिवसापासून वहीतलं अक्षर सुधारलं.

बेअरिंगमधली फट मोजायची पद्धत तिला सर्वांत आवडली. मेणासारख्या प्लॅस्टिकचा एक बारीक धागा क्रँकशाफ्टवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या जोराने आवळायची, परत उघडायची. धागा जितका चपटा आणि रुंद झाला तितकी फट कमी. सोबतच्या कागदी पट्टीवर रुंदी ताडून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत फट कळते. रिंगांच्या टोकांमधली फट सिलिंडरमध्ये बसवून मोजली. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले. अंदाजाने आवळलेला एकही बोल्ट त्या इंजिनात नाही. प्रत्येक बोल्ट आवळला की ती वहीत खूण करायची, आणि खूण नसेल तर मला पुढे जाऊ द्यायची नाही.

घरी काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी कळकळीने सांगतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका. घोड्या लावा, गाडी हलवून खात्री करा, मगच वाका. पेट्रोलची नळी सोडवायची ती दिवसा आणि उघड्यावर. आमच्या पडवीत तुळशीपुढे सांजवात लागते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते आणि दिवा दहा पावलांवर असला तरी पुरे. तो नियम घरात माझ्या आईने केला, आणि तो पाळला म्हणून आम्ही निश्चिंत झोपलो. तिसरं, जुनं तेल मातीत ओतू नका. वसईची वाडी विहिरीच्या गोड्या पाण्यावर जगते. त्या पाण्यात मुरलेलं काळं तेल परत काढता येत नाही. माझं तेल डब्यात साठतं आणि परवानाधारक खरेदीदाराकडे जातं.

जास्त हवा आत येऊ लागली की पेट्रोलचं प्रमाण तपासावं लागतं. ते कमी पडलं तर ज्वलनाची उष्णता वाढते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून सायलेन्सरच्या नळीत रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर बसवून मी आठवडाभर आकडे लिहिले. जोर लावताना प्रमाण तेराच्या आसपास होतं, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त, आणि तेच सुरक्षित. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागलं तेव्हा पुन्हा मोजलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे जुन्या इंजिनात प्रमाण थोडं बदलतं. ते ओलावाही शोषतं, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत ओलाव्याला तोटा नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने त्या निदान दाबून, वाकवून पाहाव्यात.

जून २०२० मध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, इंजिन सुरू झालं. हवेचा पाइप कंपनीने ठेवला होता तिथेच, वर. फायदा किती झाला? हॉर्सपॉवर मोजणाऱ्या यंत्रावर मी गाडी चढवलेली नाही, म्हणून तो आकडा सांगणार नाही. मोजलं तेवढं सांगतो. चारही सिलिंडर १८२ ते १८५ च्या मध्ये. लिटरमागे अकरा किलोमीटर जाणारी गाडी साडेतेरा जाऊ लागली. जव्हारच्या चढावर जिथे मला दुसरा गियर टाकावा लागे, तिथे ती आता तिसऱ्यावर जाते. आणि पाच हजारांवर दरवाजा पूर्ण उघडतो. तो आवाज आठ वर्षांत मी खऱ्या अर्थाने ऐकलाच नव्हता. तो ऐकायला मी हायवेवर शर्यत लावत नाही. वेगाची हौस असेल तर कोइंबतूर आणि चेन्नईजवळ बंदिस्त ट्रॅक आहेत. तिथे एस्टीमसारख्या साध्या गाड्या नीट बांधून लोक अनेक वर्षं धावले आहेत.

अण्णांना आता नीट दिसत नाही. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा त्यांनी हात धरून पुढे न्यायला सांगितलं, व्हॉल्व्ह कव्हरवर क्षणभर तळवा ठेवला, जसा ते विहिरीवरच्या इंजिनावर ठेवत. किती पळते हे त्यांनी विचारलं नाही. ‘तेल खातं का?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, ‘हजार किलोमीटरनंतर मोजून सांगतो.’ ते हसले.

जो तरुण आज सायलेन्सर घ्यायला निघाला आहे, त्याने आधी एक कॉम्प्रेशन गेज, एक फिलर गेज आणि एक वही घ्यावी. वही शंभर पानांची असावी. माझी ब्याऐंशीव्या पानावर आहे. मुलगी आता मेकॅनिकल इंजिनीयरिंग शिकते, पण सुट्टीत आली की महिन्याची नोंद तीच करते. गेल्या वेळी तिने लिहिलं आहे: तिसरा सिलिंडर १७६, सहा महिन्यांत सहाने उतरला. खाली लाल शाईत: येत्या रविवारी टॅपेट बघणे, इंजिन थंड असताना, सकाळी सातच्या आत.